कोरडी चादर

जिला तुम्ही आत घेतलं नाहीत, तिला आता बाहेर भिंतीवर लावलंत. दोन माणसांएवढी उंच करून लावलंत. आत जागा नाही म्हणालात, थांबा म्हणालात. भिंतीवर बरी जागा निघाली. भिंत तुमची, खिळे तुमचे, भाडं तुमच्या इस्पितळाच्या तिजोरीत, आणि वर हसतेय ती माझी बहीण. मेलेली बाई हसतेय तुमच्या भिंतीवर, आणि तिच्या पायाखालून तुमचे पेशंट कुबड्या टेकत आत जातायत.

हे बारकी कुणाला म्हणाली नाही. तिचे ओठसुद्धा हलले नाहीत. पर्स छातीशी धरून ती नुसती बसथांब्यावर उभी राहिली, आणि मागून उतरणारी बाई "अहो, सरका की पुढं, का इथंच मुक्काम?" असं खेकसली तेव्हा अर्धं पाऊल सरकली. या थांब्यावर ती आताशा उतरतच नसे. ताई गेल्यापासून ती एक थांबा आधी उतरायची आणि मागच्या गल्लीतून वळसा घालून दुकानात पोचायची. पण आज तो रस्ता खणून ठेवलेला, ड्रायव्हरनं गाडी दुसरीकडून काढली ती थेट इस्पितळाच्या दारात आणून उभी केली. बारकी म्हणजे आता काही बारकी राहिली नव्हती. चाळिशी उलटलेली, अंगानं सुटलेली बाई, पण दोन बहिणींत धाकटी म्हणून लहानपणी जे चिकटलं ते चिकटलं. चष्म्याच्या दुकानात ती फ्रेम बसवून द्यायची. नाकावर, कानामागे, दांडी जरा गरम करून वाकवायची, पुन्हा लावून बघायची. म्हणून तर त्या फलकावर तिनं आधी बहिणीला ओळखलंच नाही, ओळखला तो चष्मा. पोहण्याच्या तलावाचं निळं पाणी, काठावर पांढरी आरामखुर्ची, खुर्चीत ढगळ गाऊन घातलेली एक बाई, हातात उंच पेला, आणि बाजूला ठळक अक्षरं: पुन्हा चालू लागा! उपचारही, सुट्टीही. त्या बाईचा काळा चष्मा डावीकडं कललेला होता. आयुष्य दुकानात गेलेल्या माणसाला चेहरा नंतर दिसतो, वाकडी फ्रेम आधी. बारकीचा हात दांडी सरळ करायला आपोआप उचलला गेला आणि मग तसाच हवेत राहिला. ताईचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर होता. शाळेत ओढून नेताना आईनं सारखा तोच कान धरला असणार, असं घरात सगळे म्हणायचे. परदेशी जायच्या आधी हा चष्मा बारकीनंच दिला होता, दोन्ही दांड्या तीनतीनदा वाकवून, आणि तरी तो कललेलाच राहिला तेव्हा ताई म्हणाली होती, "असू दे गं. जग सरळ दिसतंय ना, मग झालं."

जग सरळ दिसतंय. फलकाखालचं दार सारखं उघडत होतं, मिटत होतं, आणि प्रत्येक वेळी आतला तो वास बाहेर येत होता, फिनेलचा आणि ओल्या लाकडी बाकांचा. त्याच बाकांवर त्या दोघी अर्धा दिवस बसल्या होत्या, ताईच्या खुब्याचे फोटो मांडीवर घेऊन. खुब्याचं हाड झिजून झिजून करवतीसारखं झालं होतं. रात्री कूस बदलताना ताई उशी दातात धरायची, हे ताईनं कधी सांगितलं नाही. उशीच्या अभ्र्याला पडलेलं भोक बारकीनं बघितलं होतं. हाडांच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना तिथली आयासुद्धा नुसतं मोठे साहेब म्हणायची, त्यांनी पाय उचलून, वळवून, दाबून बघितला. ताई हूं की चूं करत नव्हती. मग साहेब हात धुवायला वळले. ताई त्या उंच टेबलावरून खाली उतरली, ओठ पांढरे होईपर्यंत आवळून उतरली, क्षणभर काठाला धरून उभी राहिली. आणि मग वळून तिनं टेबलावरची चादर ताणून सरळ केली. चुरगळलेली होती ती. कोपरा खाली लोंबत होता, तो उचलून गादीखाली खोचला. खोचताना वाकली. साहेब हात पुसत होते, त्यांनी ते बघितलं. "वाकता येतंय की," ते म्हणाले, आणि चांगले हसले, मोकळे, जसं एखाद्या पोराची लबाडी पकडावी तसे. "मावशी, माझ्याकडे अशा बायका थांबल्यात ज्यांना खाटेवरून उठवत नाही. तुम्ही उभ्यानं काम करता, वाकता, चादरी घालता. तुम्ही थांबा. बोलावू." बारकीनं विचारलं, "किती थांबायचं, साहेब?" "नंबर येईपर्यंत." बाहेर पायऱ्यांवर बारकीचा तोल गेला. "कशाला गं नीट करायला गेलीस ती चादर? तुझ्या बापाचं हॉटेल आहे का?" ताई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. "बाप एकच आपला," ती म्हणाली, "आणि त्याच्या नावावर सायकलसुद्धा नव्हती." पुढच्या पायरीवर म्हणाली, "पुढची बाई त्याच्यावरच झोपणार ना गं."

ही सवय तळघरातली. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, धुलाईखान्यात, ताईचा जन्म गेला. वरच्या मजल्यांवरून मळलेल्या चादरी एका पत्र्याच्या नळकांड्यातून घरंगळत खाली यायच्या, ढीग पडायचा, त्या निवडायच्या, मशीनमध्ये घालायच्या, काढायच्या, दोघींनी दोन टोकं धरून झटकायच्या आणि वाफेच्या रोलरखालून सरकवायच्या. दिवसभर उभं, ओल्या फरशीवर. बारकी लहान असताना शाळा सुटली की तिथं जाऊन बसायची, गरम चादरींच्या गठ्ठ्याला पाठ लावून अभ्यास करायची, आणि तिथल्या बायकांचं बोलणं ऐकायची. त्यांना वरची माणसं कधी दिसली नाहीत, पण चादरीवरून त्या माणूस ओळखायच्या. कोपऱ्यातल्या खोलीतला रडका आलाय बाई, उशी बघ भिजलेली. अंथरुणात खाणारा आलाय. लिपस्टिकवालीला आज नवा मिळालाय वाटतं. खो खो हसायच्या. पण एखादी चादर उलगडली आणि मधोमध रक्ताचा डाग निघाला की हसणं बंद. मग शिव्या. "हात मोडले होते का भवानीचे? चुळकाभर गार पाणी लावलं असतं तर निघालं असतं." कारण तो डाग वाळून खाली यायचा, आणि वाळलेला डाग हातानं घासावा लागायचा, नखं जाईस्तोवर, आणि नाही निघाला तर मुकादम चादर सगळ्यांसमोर धरून विचारायचा, ही कुणाच्या हातची. ताई शिव्या द्यायची नाही. ती नळाखाली उभी राहून गार पाण्यात घासत राहायची आणि एवढंच म्हणायची, "आपलं मळलेलं दुसऱ्या बाईच्या अंगावर टाकायचं, आणि वर जाऊन नाश्ता करायचा. झोप तरी कशी येते?" बारकीला वाटायचं हे सगळं तळघरात राहिलं. माणूस काम सोडतो तेव्हा कामही माणसाला सोडतं असं तिला वाटायचं. कुठलं सोडतंय?

परदेशाचं खूळ काढलं साखरबाईनं. हे नाव त्या दोघींनी ठेवलेलं. ती होती परदेशी इस्पितळात पेशंट नेणाऱ्या कंपनीची बाई, बोलायला इतकी गोड की ताई म्हणाली, हिच्याजवळ मुंग्या कशा लागत नाहीत. इथल्या खासगी इस्पितळात जे परवडणार नव्हतं ते तिकडे निम्म्याहून कमीत व्हायचं, आणि त्यातच विमान, समुद्रकाठचं हॉटेल, सकाळचा नाश्ता आणि खोलीवर येऊन बघणारी नर्स. बारकीचा नवरा म्हणाला, "हाड बदलायला जाताय का हवा बदलायला?" बारकीचाही जीव धजत नव्हता. परक्या मुलखात, परक्या भाषेत, उद्या काही झालं तर? पण ताई त्या रंगीत पत्रकातल्या खोलीच्या फोटोकडं बघत बसली होती. पांढरा पलंग, खिडकीतून समुद्र. "बारके," ती म्हणाली, "जन्मभर वरच्या मजल्याच्या चादरी धुतल्या. एकदा वरच्या मजल्यावर झोपायचंय."

ऑपरेशन चांगलं झालं, हे बारकीला आजही मान्य आहे. तिथला डॉक्टर तरुण होता, हसरा होता, दुसऱ्याच दिवशी त्यानं ताईला उभं केलं. चार पायांच्या चौकटीच्या काठीला धरून ताईनं पाऊल टाकलं, आणि कितीतरी वर्षांनी बारकीनं तिचा चेहरा बिनदुखण्याचा बघितला, जसा काही वरून एक जाड काच काढून घेतलीय. मग त्यांना हॉटेलात हलवलं. दारात गणवेशातला माणूस वाकून "मॅडम" म्हणाला तर ताईनं मागं वळून बघितलं, कोण मॅडम आली म्हणून. खोलीत गेल्यावर आधी समुद्र नाही बघितला, पलंगाशी गेली, चादरीचा काठ बोटांत धरून चोळला. "रोलर नीट तापत नाही यांचा. ही बघ सुरकुती." आणि मग टेकली, हळूच, पाहुण्यांच्या घरी नव्या सोफ्यावर बसावं तशी, आणि पाय वर घेतल्यावर डोळे मिटून पडून राहिली. बारकीनं विचारलं, "कसं वाटतंय?" ताईच्या डोळ्याच्या कडेनं पाणी कानात उतरत होतं, वरच्या कानात. मग म्हणाली, "कुणीतरी चांगली झटकलीय. दोघींनी मिळून झटकलीय."

ते दिवस बारकीला आठवतात ते ऊन आणि मीठ आणि साबण यांच्या वासात. ताई तिला सकाळीच हाकलायची. "जा, समुद्र बघून ये. दोघींनी खोलीत बसून काय अंडी उबवायचीत? माझ्या वाटचा पण बघून ये." मग बारकी जायची. वाळूत चपला हातात घेऊन चालायची, लाटा घोट्याशी येऊन पायाखालची वाळू ओढून न्यायच्या आणि तिला वाटायचं आपण उभ्याउभ्या मागं सरकतोय. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठं पोचायचं नव्हतं. ती मजेत होती, हे खरं आहे, तिच्या बहिणीच्या अंगात जे काय शिजत होतं ते शिजत असताना ती पाय ओले करत मजेत होती. परत यायची तर न्हाणीघरात साबणाचा वास, आणि चौकटीच्या काठीवर चादर टाकलेली, एक कोपरा ओला, खिडकीच्या उन्हाकडं वळवलेला. "हे काय?" "पाणी सांडलं पेल्यातलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी सांडलेलं. "अगं, तुझा हात कापतो की काय? का इथंही धुण्याची भट्टी लावलीस?" बारकी हसली, ताईही हसली. खोली आवरायला येणारी एक काटकुळी बाई होती. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला. ती चादर बदलायला आली की ताई काठी सोडून पलंगाला टेकून उभी राहायची आणि दुसरं टोक धरायची. बाई आधी नको नको म्हणाली. पण ताईनं टोक धरून जो झटका दिला, तो बघून ती थबकली. असा झटका शिकवून येत नाही. मग दोघींनी चादर झटकली, हवेत ती शिडासारखी फुगली, खाली बसताना दोघींनी एकदम काठ ताणले, आणि त्या बाईनं ताईचं मनगट धरलं आणि उलटं करून बघितलं, वाफेचे जुने चटके, आणि आपलं मनगट शेजारी धरलं. दोघी हसत सुटल्या. बारकी दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, हीच ताईची सुट्टी. समुद्र नाही, तलाव नाही, हीच.

नर्स यायची. रोज यायची असं ठरलेलं, एक दिवसाआड यायची, घाईत यायची, बरोबर साखरबाई. जखमेवर चिकटपट्टीची मोठी गादी होती. ती उगाच उघडायची नाही, उघडली तर हवा लागते, असं नर्सनं सांगितलं. ती विचारायची, साखरबाई आपल्या भाषेत सांगायची, "काही ओलं येतंय का, मॅडम? पाणी, रक्त?" ताई म्हणायची, "नाही." मग नर्स पांघरूण बाजूला करायची, ताईच्या अंगाखालची चादर बघायची, हात फिरवायची. पांढरी. कोरडी. कोपरे खोचलेले. नर्स अंगठा वर करायची. एकदा तर ती साखरबाईला काहीतरी म्हणाली आणि साखरबाईनं हसत सांगितलं, "ती म्हणतेय, इतका नीटनेटका पेशंट बघितला नाही." त्याच दिवशी साखरबाईनं, कंपनीच्या जाहिरातीला लागेल म्हणून, तलावाकाठी फोटो काढला. "हसा मॅडम, असं समजा सुट्टीवर आलाय." ताई म्हणाली, "समजायचं काय त्यात, आलेच आहे." आणि हसली. ताप तेव्हाच अंगात असणार. गाल लाल दिसत होते. बारकीला वाटलं उन्हानं.

विमानातून उतरली तीच हुडहुडी भरून. बारकीनं टॅक्सी सरळ याच दारात आणली. पण इस्पितळाला इस्पितळाचे नियम. खिडकीतला माणूस म्हणाला, ऑपरेशन कुठे झालं? मग तिथं दाखवा. "तिथं म्हणजे समुद्रापलीकडं?" मोठे साहेब त्या वेळी बोळातून चालले होते, बारकी त्यांच्या मागं धावली, अक्षरशः बाही धरली. ते थांबले, ऐकून घेतलं, सभ्यपणानं. "बाई, दुसऱ्यानं केलेलं काम मी उघडत नाही. त्यांनी काय घातलंय, कसं घातलंय, मला माहीत नाही. जिथं केलंत तिथं विचारा." तिथं फोन लावून विचारलं. तिथून साखरबाईचा आवाज आला, तितकाच गोड, की ताईंची मुदत हॉटेल सोडलं तेव्हा संपली, आणि नर्सनं शेवटपर्यंत सगळं कोरडं असल्याचं सांगितलंय. ताईला आत घेतलं ते ती घरी चहाचा कप उचलता उचलता कोसळल्यावर. तेव्हा जखमेवरची गादी उघडली. तो वास बारकीच्या नाकातून अजून गेलेला नाही. खोल होतं, जुनं होतं, रक्तात गेलेलं होतं. शेवटच्या त्या दिवसांत ताई शुद्धीत थोडीच असायची. असायची तेव्हा तिचा हात अंगाखाली चाचपडत राहायचा. "ओली झाली का गं?" नाही, बारकी म्हणायची. "झाली असली तर सांग. पण त्यांना बोलवू नको. तू मला जरा उभी कर." उभी कर म्हणायची, आणि मानसुद्धा उचलवत नव्हती. वाताच्या भरात बडबडतेय असं नर्स म्हणाल्या. बारकीलाही तसंच वाटलं.

सगळं झाल्यावर बारकी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली होती. जाब विचारायला नाही, नुसतं समजून घ्यायला. की बाबा, असं आतून सडत होतं, तर बाहेर काहीच कसं दिसलं नाही? चादर रोज स्वच्छ होती. मी स्वतः बघितलीय. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चांगली महागाची फ्रेम होती, पण नाकाला एका बाजूनं रुतत होती, एवढंसुद्धा तिला तेव्हा दिसलं. "वाहिलं असणार," ते म्हणाले. "असं कोरडं राहत नाही. कितीतरी दिवस वाहिलं असणार. तुमच्या बहिणीनं लपवलं असेल. अशी माणसं सांगत नाहीत." अशी माणसं. बारकी तिथं किंचाळली होती. माझी बहीण खोटं बोलत नाही, म्हणाली होती. जन्मात कुणाशी खोटं बोलली नाही, तुम्हाला तुमचं झाकायचंय म्हणून मेलेल्या बाईवर ढकलता का, असं खूप काही. शिपायानं दंडाला धरून बाहेर आणली. नंतर महिनोन् महिने ती तेच घोकत राहिली. भांडी घासताना, लोकांच्या कानामागे दांड्या वाकवताना, तिचं आणि साहेबांचं भांडण चालूच असायचं आणि प्रत्येक वेळी ती जिंकायची, कारण चादर कोरडी होती. ते एकच तिच्या हातात होतं. ताई खोटं बोलली नाही. चादर कोरडी होती.

"ओ बाई, बरं वाटत नाही का? आत घेऊन जाऊ?" थांब्यावरचा एक म्हातारा विचारत होता. तिनं मान हलवली. नजर फलकावरून हलत नव्हती, आणि चष्म्यावरून, हसण्यावरून, पेल्यावरून ती आता खाली उतरली होती, खुर्चीपर्यंत, जिथं गाऊनखाली, बरोबर ऑपरेशनच्या बाजूला, एक पांढरा टॉवेल होता. फोटोत तो लक्षात येऊ नये असाच होता. पोहण्याच्या तलावाशी टॉवेल असणारच. पण तो पसरलेला नव्हता, घडी केलेला होता. तीन पदरी, काठ आत वळवलेले, चारी बाजूंनी दोरी लावल्यासारखा. ती घडी बारकीला आईच्या हाताच्या चवीसारखी ओळखीची होती. तळघरात त्या घडीला टेकून ती पाढे शिकली होती. तशी घडी बसायला कुणी घालत नाही. तशी घडी घालतात ती पाणी झिरपून खाली जाऊ नये म्हणून. खुर्चीचं कापड पांढरं होतं. खुर्ची दुसऱ्याची होती. ते कापडही काढून कुणीतरी धुणार होतं, कुठल्यातरी तळघरात.

मग सगळ्याच ओल्या चादरी आठवल्या. पाणी सांडलं. उन्हाकडं वळवलेला तो कोपरा, जो कोपरा नव्हताच, मधला भाग कोपऱ्यासारखा ओढून वर घेतलेला. बारकी समुद्रावर गेली की ही बाई त्या चौकटीला धरून न्हाणीघरापर्यंत जात होती, आणि नव्या खुब्यावर उभी राहून गार पाण्यात, गारच, गरम लावलं तर डाग धरतो, आपलं रक्त आपल्या हातानं काढत होती, डाग ताजा असतानाच, त्या काटकुळ्या बाईला घासायला लागू नये म्हणून. आणि मग ती बाई आली की चांगली झटकून अंथरायची. आणि मग नर्स यायची, आणि चादर बघायची. ताई खोटं बोलली. साहेब म्हणाले तसंच झालं, शब्दन् शब्द. बारकीनं ज्या एका गोष्टीवर इतके दिवस पाय रोवले होते ती त्या लाटेखालच्या वाळूसारखी निघून गेली, आणि तिला पडायला हवं होतं, पण ती पडली नाही. उलट कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचे पाय जमिनीला लागले. ती रस्ता ओलांडून गेली. फलकाखालून जाताना वर बघितलं नाही. बाकांमधून, फिनेलमधून, त्या बोळातून चालत गेली. शिपायानं ओळखलं असावं, तो उठेपर्यंत ती आत होती.

साहेब पेशंट तपासत होते. उंच टेबलावर एक बाई पाय सोडून बसली होती, खाली उतरायच्या बेतात. साहेबांनी मान वर केली. "तुम्ही?"

"भांडायला नाही आले," बारकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुकानातला वाटला, गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसा, शांत. "तुमचं खरं होतं, एवढं सांगायला आले. तिनं लपवलं. वाहत होतं. ती रोज धुवून टाकायची."

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "मी म्हटलं होतं. दुर्दैव आहे. अशी माणसं—"

"अशी माणसं म्हणजे कशी, साहेब?"

टेबलावरची बाई या दोघांकडं बघत होती. अवघडून ती खाली उतरली, चेहरा वेडावाकडा करत, आणि उभी राहताच तिचा हात मागं गेला. चुरगळलेल्या चादरीकडं. बारकीनं पुढं होऊन तो हात धरला. "राहू द्या," ती म्हणाली. "तशीच राहू द्या, काकू. हात लावू नका तिला." त्या बाईला काही कळलं नाही, पण हात तिनं सोडवून घेतला नाही.

"याच टेबलावरून माझी बहीण उतरली होती. तिनं चादर सारखी केली आणि तुम्ही म्हणालात, वाकता येतंय की. तिकडं त्या नर्सनं चादर बघितली आणि अंगठा वर केला. मी पण चादरच बघत होते. तिनं जन्मभर दुसऱ्यांचं मळलेलं धुतलं, म्हणून आपलं मळलेलं दाखवायची तिला लाज वाटली. तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्याकडं माणसं मळायलाच येतात, रक्त घेऊन, पू घेऊन. मग या टेबलावर तिला बसवलंत तेव्हा, एवढे हात धुवायच्या आधी, ही चादर तुझ्यासाठीच आहे बाई, घाण झाली तरी चालेल, असं तिला सांगायचं कुणाचं काम होतं? नाही, शिपायाकडं बघू नका. तिच्याकडं बघायचं राहिलं ते राहिलं, आता माझ्याकडं बघा आणि सांगा. कुणाचं काम होतं?"